भैरवाची राख

भीमडांडा, वैशाख. बुद्धपौर्णिमेनंतरचा तिसरा दिवस

पन्नादाजू,

नमस्कार लिहायचा की नाही, यावर सकाळपासून घोळ घातला. शेवटी लिहितो. थोरल्या भावाला नमस्कार करायचा असतो. थोरला कसा वागला हे नमस्कारानं विचारायचं नसतं.

फोन करत नाही, कारण आपला फोन कसा संपतो ते दोघांनाही ठाऊक आहे. कागद मध्येच ठेवून देता येत नाही. फार तर फाडशील. पण फाडायच्या आधी एक नजर टाकशीलच.

परवा दीपंकर बुद्धाची मिरवणूक निघाली. विहारातल्या थोरल्या मूर्तीचा चेहरा यंदा मी रंगवला, डोळेही मीच उघडले. रत्नमुनी गुभाजू आता ऐंशीच्या पुढे गेलेत, तरी विहाराची पूजा अजून तेच करतात. मूर्तीसमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "न्हुछे, बापाचा हात आला रे तुझ्यात."

मी म्हटलं, "उशिरा आला."

"पायी आला असेल. आपला घाट काय सोपा आहे?"

सगळा विहार हसला. मीही हसलो. घरी येऊन मात्र जेवलो नाही. दाजू, मी एकावन्न वर्षांचा आहे आणि हे वाक्य माझ्याबद्दल कुणी पहिल्यांदा बोललं. लहानपणापासून गाव काय म्हणायचं? पन्नाचा कुंचला आणि न्हुछेचा खल. तू रंगवायचास, मी रंग घोटायचो. कुणी वाईट मनानं म्हणत नसे, म्हणून तर जास्त लागायचं.

आता बातमी. भैरव दर बारा वर्षांनी नाचतो, आणि यंदा बारावं वर्ष. जत्रा चालवणाऱ्या गुठीची बैठक झाली आणि गुठीतले सर्वांत वडील, आपले जुजुभाई थकाली, स्वतः काठी टेकत आपल्या दारी आले. हातात सुपारी. "चित्रकाराच्या घरी आलोय," म्हणाले, "तेरा मुखवटे. विजयादशमीला भैरव नाचला पाहिजे."

मी सुपारी घेतली. तुझी परवानगी मागत नाही, फक्त कळवतोय.

तू त्या लिस्बनमध्ये फरशांवर निळी जहाजं रंगवतोस असं औषधाच्या दुकानवाल्याची सून सांगत होती. ती तुमच्याच गल्लीत राहते म्हणे. मी म्हटलं, छान आहे.

न्हुछेमान

भीमडांडा, श्रावण. गठांमुगःचा दुसरा दिवस

दाजू,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

काल गवताचा राक्षस ओढत नदीवर नेला आणि जाळला. पोरांनी तुझ्या वेळच्यापेक्षा अचकट गाणी केली होती, थकालींचं नाव घालून. थकाली खिडकीतून ओरडले, "अरे, शिवी तरी यमकात द्या!" आता राक्षस गेला, म्हणजे मुखवट्यांच्या मातीला हात लावायला मोकळीक. नागपंचमीच्या आदल्या दिवशी माती कालवायचं ठरलं आहे.

मागच्या मुखवट्यांच्या राखेचा तांब्याचा घडा अजून विहारातच आहे. भूकंपात भैरवाचं देऊळ पडलं तेव्हा बाबांनी तो ढिगाऱ्यातून काढून गुभाजूंच्या हवाली केला होता. गुभाजू बुद्धाला दिवा लावतात आणि त्याच काडीनं घड्यापुढेही लावतात. म्हणतात, "भैरव राहायला आल्यापासून उंदीर गेले. शांत माणूस आहे, कुणाला वाटणार नाही."

पुढचं तुला माहीत आहे. पण ते लिहिल्याशिवाय माझा हात पुढे सरकत नाही, म्हणून लिहितो.

बारा वर्षांपूर्वी भैरव तू केलास, एकट्यानं, पहिल्यांदाच. शेवटी डोळ्यांत काळं भरलंस तेव्हा बाबा दोन पावलं मागे सरले होते. स्वतःच्या मुलाच्या कामापुढे मागे सरणारा बाप मी तेव्हाच पाहिला. तो मुखवटा घालून चिनीकाजीचा बाप, पिढ्यानपिढ्या भैरव नाचणाऱ्या घरातला आपला माळी, नऊ महिने सगळ्या टोलांत, गल्लीगल्लीत नाचला. मग आषाढ आला. तेराही मुखवटे नदीवर न्यायचे, चितेवर ठेवायचे, आणि राख पुढच्या मुखवट्यांच्या मातीत घालायची. देव जुन्यातून नव्यात असाच येतो. आपल्या घराण्याला हे कुणी शिकवावं लागत नाही.

आदल्या दुपारी कारखान्यात तू मला म्हणालास, "न्हुछे, माझ्याच्यानं हा जाळवणार नाही."

त्यानंतर आपण काय केलं ते दोघांनाच माहीत. पण एक गोष्ट तुलाही माहीत नाही. तू चितेवर ठेवायला एखादा जुना, फुटका मुखवटा शोधत होतास. मी म्हटलं, "माझा घे, लवकर होईल." तुला वाटलं, धाकटा भाऊ किती जीव लावतो. खरं सांगू? मी आयुष्यात तोवर एकच भैरव केला होता, सरावाचा. बाबांनी तो पाहून म्हटलं होतं, "उजवा कान खाली उतरलाय, माळ्यावर टाक." मला एकदा, एकदाच, माझ्या मुखवट्याला फुलं पडलेली बघायची होती. वाजंत्री लागलेली, बायका वाकून नमस्कार करतायत आणि सगळे त्याला भैरव म्हणतायत. म्हणून मी दिला.

आणि ते सगळं झालं. चितेवर तो वर गेला तेव्हा बाबांनी कान पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मरेपर्यंत बोलले नाहीत. पाच वर्षं एका ताटाला बसून जेवायचे आणि बोलायचे नाहीत.

तू कार्तिकात गेलास, तुझ्या सामानात भैरव होता.

म्हणजे घड्यात बारा देवांची राख आहे आणि तेरावी माझ्या हौसेची. ज्याच्यात देव कधी उतरलाच नाही, अशा मुखवट्याची. तीच मी चार दिवसांनी मातीत घालायची, आणि चिनीकाजीनं ती माती तोंडावर बांधून भैरव व्हायचं. हे जाणणारी दोनच माणसं जिवंत आहेत. एक तू. बायकोला, तीर्थमायालासुद्धा मी सांगितलेलं नाही.

गप्प बसलो तर कुणाला कळणार नाही. मी अजून काही ठरवलेलं नाही.

न्हुछे

भीमडांडा, श्रावण. नागपंचमी

दाजू,

सांगितलं.

काल विहाराच्या चौकात सगळे जमले होते. काळी माती चाळून ठेवलेली, कापूस पिंजलेला, खळ शिजलेली. बुद्धपूजेचा गुन्ला महिना लागल्यामुळे सकाळची ढोल-झांजांची फेरी नुकती परतली होती, वाजवणारी मंडळीही तिथेच टेकली होती. म्हणजे ऐकायला कुणी कमी नव्हतं. गुभाजूंनी घड्याचं तोंड सोडलं आणि घडा माझ्याकडे सरकवला.

मी म्हटलं, "थांबा. यात भैरव नाही."

थकालींना ऐकू कमी येतं. "काय नाही?"

"भैरव नाही. तो जळलाच नव्हता. त्याच्या जागी माझा मुखवटा जळला. मीच दिला होता."

सगळं सांगितलं. तुझं नाव घेताना आवाज चढला, माझं घेताना उतरला, एवढं मला आठवतं.

चिनीकाजी उठला. अठ्ठावीस वर्षांचा आहे, बापासारखाच उंच. चार महिने व्रतात आहे, एक वेळ जेवतो. म्हणाला, "नऊ महिने माझ्या बापानं ज्याला अंगावर घेतलं, तो मग गेला कुठे?"

मी घड्याचं तोंड पुन्हा बांधलं.

थकाली हळूहळू म्हणाले, "न्हुछे, बारा वर्षं तोंड मिटून बसलास. अजून बारा बसायला तुझं काय जात होतं?"

"आजपर्यंत माती माझ्या हातात नव्हती, थकाली."

मागून कुणीतरी म्हणालं, "एक भाऊ चोर, दुसरा चोराचा साथीदार." तेव्हा मात्र मी वळलो. म्हटलं, "चोर म्हणायचं नाही. चोर विकायला नेतो. माझ्या भावाला स्वतःचं काम जाळवेना, एवढाच त्याचा गुन्हा. माझा त्याहून मोठा आहे, शिव्या मला द्या." दाजू, तुझ्यासाठी म्हणालो असं समजू नकोस. खरं होतं म्हणून म्हणालो.

निकाल असा: बाकीचे बारा मुखवटे मी करायचे. भैरवाची माती कोरडी राहील. पितृअवसेपर्यंत, म्हणजे आपण बापाचं मुख बघतो त्या भाद्रपदातल्या अवसेपर्यंत, जुना भैरव गावात आला तर ठीक. नाहीतर खालच्या खोऱ्यातून दुसरा चित्रकार येईल आणि यापुढे त्याचीच पोरंबाळं मुखवटे करतील. चौदा पिढ्यांचं काम.

आज नागपंचमी. दारांवर चिकटवायला दोनशे नाग कागदावर रंगवून ठेवले होते. सकाळी गल्लीतून फिरलो तर दारोदार छापील नाग, चकचकीत कागदाचे, सगळे एकाच बाजूला बघणारे. माझे सहा गेले. एक विहाराच्या दारावर आहे. एक, विश्वास ठेव, चिनीकाजीच्या आईच्या दारावर. का, ते मी विचारलं नाही.

तीर्थमाया कालपासून बोलत नव्हती. आज दुपारी खळीची वाटी घेऊन बाहेर गेली आणि आपल्या दारावर एकाखाली एक तीन नाग चिकटवले.

मी म्हटलं, "एक पुरे असतो."

"माझ्या नवऱ्याकडे बघता तीनही कमीच पडतील," म्हणाली. आणि मग रडली. "बारा वर्षं? मला?"

मी तुझ्याकडे काही मागत नाही. काय झालं ते कळवलं.

न्हुछे

भीमडांडा, भाद्रपद. पितृअवस

दाजू,

तुझा फोन आला त्या दिवशी मी वाराहीचा जबडा बसवत होतो, हात मातीत. तीर्थमायानं फोन माझ्या कानाला धरला. मागे भट्टीचा घूं घूं आवाज येत होता. मग म्हणालास, "न्हुछे, तो नाही माझ्याकडे."

मी म्हटलं, "विकलास."

ते मी म्हणायला नको होतं. पत्रात इतकं सोपं जातं म्हणून लिहितो: चुकलो.

तू जे सांगितलंस ते मी त्यानंतर रोज ऐकतोय. बाबा गेले तेव्हा तुझे तिकडचे कागद व्हायचे होते, निघाला असतास तर परत शिरू दिलं नसतं, हे मला ठाऊक होतं. तरी मी तुला फोनवर काय म्हणालो? "बापाला आग द्यायला येत नसशील तर आवाजही नको ऐकवूस." तू कधीच फोन ठेवला नाहीस, दाजू. पहिल्या पत्रात मी गोलमाल लिहिलं. फोन मी ठेवला होता.

आणि त्याच दिवशी तू तिथल्या फरशांच्या कारखान्याची भट्टी पेटवून भैरव आत ठेवलास. बाबांना खांदा देता आला नाही, म्हणून बाबांना ज्याच्यापुढे मागे सरावं लागलं होतं त्याला आग दिलीस. मालकीणबाईंना वाटलं, फरशा भाजतोय. राख थंड होईपर्यंत तू जमिनीवर बसून होतास, म्हणालास. मग ती अंजिराच्या मुरंब्याच्या बरणीत भरलीस आणि सहा वर्षं खिडकीत ठेवलीस.

"मला का नाही कळवलंस?" मी विचारलं.

"कुणाला कळवू? तू आवाज ऐकवू नको म्हणाला होतास."

औषधवाल्याची सून दसऱ्याच्या दसैं सणासाठी लवकर आली, बरणी तिच्या कपड्यांत गुंडाळलेली. विमानतळावर काय सांगितलंस म्हणून विचारलं तर म्हणाली, "सासऱ्यांचं चूर्ण." देव असाच गावात शिरला.

आज सकाळी चौकात बरणी ठेवली. बरणीवर अंजिराचं चित्र. थकालींनी ती फिरवून फिरवून पाहिली. "हा भैरव कशावरून? तिकडच्या चुलीची राख असेल."

गुभाजू म्हणाले, "थकाली, आपल्याला काही कळलं नसतं तेव्हा या माणसानं स्वतःहून खोटं उघडं केलं. त्याच तोंडानं आज खरं सांगितलं तर मानायला का जड जातं?"

"तोंड एकाचं, राख दुसऱ्याची!" मागून कुणीतरी.

तेवढ्यात चिनीकाजी पुढे आला. कुणाला न विचारता बरणी उघडली, चिमूटभर राख घेतली, कपाळाला लावली आणि डोळे मिटून उभा राहिला. मग थकालींना म्हणाला, "तोंडावर मी बांधणार आहे. मला चालतो."

संपलं. नाचणाऱ्यापुढे गुठीचं काही चालत नाही.

माती मी कालवायला घेतली, तर थकालींनी काठीनं घड्याकडे खूण केली. "त्याचीही घाल."

"कुणाची?"

"तुझ्या मुखवट्याची. देव नसेल त्यात. पण बारा वर्षं आम्ही त्याला नमस्कार केलाय, तो कुठे जाईल? दोन्ही घाल."

दोन्ही घातल्या. तुझी आणि माझी. आज बापाचं मुख बघायचा दिवस होता, दाजू. ज्यांना बाप नाही ते नदीवर जातात. मी नाही गेलो, मातीत हात घालून बसलो होतो. बाबांना तेच आवडलं असतं.

तुझा न्हुछे

भीमडांडा, कार्तिक. म्हपूजेचा दुसरा दिवस

पन्नादाजू,

विजयादशमीला भैरव नाचला.

फोटो पाठवत नाही. बाकीच्यांनी तुला पाठवले असतीलच, पण फोटोत तो मुखवटा दिसतो, भैरव दिसत नाही. लिहून सांगतो. दुपार ढळल्यावर वाजंत्री देवळाच्या रिकाम्या जोत्यावरून निघाली. विहारापाशी गुभाजूंनी दिवा ओवाळला. वर गौरीशंकर इतका स्वच्छ होता की हात लांब केला तर बर्फ लागेल. चिनीकाजी बाहेर आला आणि पहिलं पाऊल टाकलं तसं थकालींचं पणतवंड, दीड वर्षाचं, आईच्या कडेवर किंचाळलं. असं किंचाळलं की वाजंत्री क्षणभर चुकली. थकाली काठी हवेत उडवून ओरडले, "रडलं! रडलं! भैरव आला!"

मी कोपऱ्यावर उभा होतो. सगळं गाव माझ्या समोरून गेलं, आणि दाजू, एकानंही "छान केलायस" म्हटलं नाही. कुणाला मी दिसलोच नाही. सगळे त्याच्याकडे वाकत होते. आपल्या धंद्यात याहून मोठी शाबासकी नसते, हे बाबा म्हणायचे तेव्हा मला ते तोंड चुकवण्यासारखं वाटायचं. आता कळलं.

चिनीकाजीची आई मात्र थांबली. नवरा नाचायचा ते दिवस तिनं पाहिलेत. मुलाच्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिली, मग माझ्या जवळून जाताना हळूच म्हणाली, "हाच तो."

आपण आता सरळ बोलू. तू माझ्याहून मोठा चित्रकार आहेस आणि राहशील. हे लिहायला मला पन्नास वर्षं लागली, पण लिहिताना काही दुखलं नाही. यंदाचा भैरव मात्र माझा आहे. दोन्ही कान समान आहेत, मोजून बघितले. डाव्या भुवईत एक वळण आहे, ते कसं आलं मला सांगता येणार नाही; पुन्हा करायला सांगितलंस तर जमणार नाही. नाच नसतो त्या दिवशी मी विहारात जाऊन त्याच्यासमोर बसतो. गुभाजू म्हणतात, "न्हुछे, बुद्धाकडेही जरा बघ, त्याला वाईट वाटेल."

काल म्हपूजा झाली, घरातल्या प्रत्येकाच्या स्वतःच्या देहाची पूजा. तीर्थमायानं ओळीनं मंडलं काढली, माझं, तिचं, दोन्ही मुलींचं. शेवटी मला न विचारता आणखी एक काढलं, घरच्या थोरल्याच्या जागेवर, सर्वांत वर. अक्रोड ठेवले, मखमली फुलांची माळ ठेवली, वात लावली. मी म्हटलं, "हे कुणाचं?"

"ज्याचं आहे त्याला माहीत आहे," म्हणाली. "तुम्ही अकरा वर्षं काढू दिलं नाहीत, म्हणून यंदा विचारलंच नाही."

तुझी वात शेवटपर्यंत जळली. मध्ये कुणीही हात लावला नाही.

आता एक गोष्ट, जी फक्त तुलाच सांगता येते. परवा मी सुताराकडे एक लाकडी पेटी बघितली. तिचं माप घेतलं. लांबी, रुंदी, खोली. घरी आल्यावर तीर्थमायानं विचारलं, पेटी कशाला? मी म्हटलं, तांदळाला. दाजू, तांदळाची नव्हती. मुखवट्याच्या मापाची होती. मी, ज्यानं चौकात उभं राहून सगळं कबूल केलं, तो मी.

आषाढात चिता रचतील. तू इतकी वर्षं काय घेऊन जगलास, ते आता मला कळतंय, आणि अजून तर आठ महिने आहेत. तुझे कागद झालेत, तीर्थमायाला औषधवाल्याच्या सुनेकडून कळलं. आषाढात ये. गावाला तोंड दाखवायला म्हणून नको, माफी मागायला तर मुळीच नको. मुखवटा हातात घेऊन मी चितेपाशी उभा राहीन आणि माझे हात पुढे होणार नाहीत. तेव्हा मला मागून ढकलायला कुणीतरी लागेल. गावात सगळे आहेत, पण ढकलायचं कसं आणि किती, ते तुझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही.

तुझा धाकटा भाऊ,
न्हुछे